ग्रीक ‘एक्लेसिया’ला (नव्या करारात ज्याचं इंग्रजीत ‘चर्च’ होतं) मराठीत काय म्हणावं: चर्च, मंडळी की सभा?

भाषांतरी: दुरा-युरोपोस या सीरियातल्या प्राचीन शहरावरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. ‘हाउस चर्च’ला ‘घरातलं चर्च’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे ‘चर्च’चं ‘मंडळी’ केलं. आता वाक्य झालंय, ‘मंडळीतली भिंत काढून दालन मोठं केलं.’ काय लिहावं?

पडताळा: दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द लावलाय, म्हणून हा घोळ. नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (१६:५) प्रेषित पौल प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरच्या एक्लेसियाला सलाम सांगतो, ती माणसं. पत्र साधारण इ.स. ५७चं, स्वतंत्र वास्तू तेव्हा नव्हतीच. तिथे ‘चर्च’ लिहिलं की वाचकाला घंटा नि मनोरा दिसतो.

दुरात मात्र वास्तूच आहे. युफ्रेटिसकाठचं साधं राहतं घर, २४०च्या सुमारास दोन खोल्यांमधली भिंत काढून ७०च्या आसपास माणसं मावतील असं दालन केलेलं, वेगळ्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. २५६च्या सुमारास इराणच्या ससानी सैन्याच्या वेढ्यात शहराचा तट भक्कम करायला तटालगतच्या घरांत माती भरली, म्हणून भिंतीवरची चित्रं टिकली. इथे ‘प्रार्थनाघर’ लिहा, ‘मंडळी’ माणसांसाठी राखा.

शब्दमूळ: ‘एक्’ म्हणजे बाहेर, ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. बाहेर बोलावून घेतलेले लोक! ‘मंडळी’त ते बोलावणं कुठे आहे? ‘आहूतसभा’ करा.

पडताळा: व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. अथेन्सला प्निक्स टेकडीवर भरणारी नागरिकांची सभाही एक्लेसियाच, काही निर्णयांना ६,००० मतं लागत. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये १९मध्ये चांदीच्या कारागिरांनी चेतवलेला, इफिससच्या नाट्यगृहात घुसलेला जमाव, त्यालाही हाच शब्द. तिथे ‘आहूत’ घालून बघा. शिवाय ग्रीक जुन्या करारात हिब्रू ‘काहाल’साठी (जमलेला समुदाय) तो आधीच रुळलेला होता. साधं ‘सभा’ पुरे.

बोरू: ‘सभा’ म्हटलं की ठराव आणि अध्यक्ष आले. कॅथलिकांची ‘ख्रिस्तसभा’ म्हणजे अख्खी संस्था, ती पहिल्या शतकावर लादू नये. ‘मंडळी’ची खरी अडचण वचनाची आहे. पौलाच्या गलतीकरांस पत्रात (१:२) मूळ शब्द अनेकवचनी. बायबलात ‘मंडळ्या’ आहे, बोलताना कोणी तसं म्हणत नाही. पण ‘गलतीयातली मंडळी’ लिहिलंत तर गलतीयात एक नव्हे, अनेक गट होते हेच पुसलं जातं. ख्रिस्ती धर्माचा प्रसार कसा झाला ते त्या अनेकवचनातच आहे.

वसईकर: वसईतले ख्रिस्ती ‘देवळात’ जातात. गोव्यात ‘इगर्ज’, पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून, तो लॅटिनमार्गे एक्लेसियाच! ‘चर्च’ मात्र ग्रीक ‘कुरिआकॉन’वरून, म्हणजे प्रभूचं. ‘देऊळ’ देवकुलावरून. अर्थाने चर्चच्या सर्वांत जवळ देऊळच.

शब्दमूळ: मग १ करिंथ ३:१६चं काय? ‘तुम्ही देवाचं मंदिर आहात’, तिथे मूळ शब्द एक्लेसिया नव्हे, ‘नाओस’ म्हणजे मंदिर.

वसईकर: तिथे ‘मंदिर’च ठेवा. दोन शब्द आहेत तर दोन्ही वापरू.

बोरू: प्राकृत ‘देउल’ रोजच्या बोलण्यातला, संस्कृत ‘मंदिर’ पवित्र, अशी वाटणी मला पटत नाही.

भाषांतरी: दुरात तटालगतच्या त्याच रस्त्यावर यहुदी सभास्थान आहे आणि मिथ्रा या देवाचं देऊळही. ‘सभा’ घेतली तर सभास्थानाशी गल्लत, ‘देऊळ’ घेतलं तर मिथ्राशी. पुढच्याच परिच्छेदात तिन्ही वास्तू एकत्र येतात, तिथे काय करू?