मदत हवी आहे: नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलंय, व्यवसाय कर आणि पेन्शनचं कसं करायचं?

मंडळी, नमस्कार.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. ऑगस्ट २०२५ पासून नोकरी सोडून घरूनच कामं घेते. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपना जिग-फिक्श्चरची (काम करताना सुटा भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांची) ड्रॉइंग करून देते. वर्षाला दहा-बारा लाखांचं काम होईल असं दिसतंय.

आयकराचं बरंचसं कळलंय. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा २० लाख, म्हणजे तूर्त नोंदणी नको. पहिल्याच बिलातून १० टक्के टीडीएस कापला गेला, तो २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या माझ्या कर-नोंदीत) दिसतोय. कलम ४४एडीए (इंजिनिअरसारख्या व्यावसायिकांसाठी अंदाजे उत्पन्न धरायची सोपी पद्धत) घेतलं तर निम्मी जमा उत्पन्न धरायची आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा. एप्रिल ते जुलैचा पगार त्यात मिळवायचा, एवढंच.

अडलंय ते व्यवसाय करापाशी, म्हणजे नोकरी-धंद्यावर राज्य सरकार घेतं त्या कराशी. पीटीईसी (स्वतंत्र काम करणाऱ्याची व्यवसाय कराची नोंदणी) काढून वर्षाचे २,५०० रुपये भरायचे, ते भरीनच. पण याच वर्षी चार महिने पगारातून दोनशे-दोनशे असे ८०० रुपये आधीच गेलेत. घटनेच्या कलम २७६ प्रमाणे एका माणसाकडून वर्षाला २,५०० पेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. मग ते ८०० वजा करून भरायचे का? कोणी तसं करून घेतलं असेल तर पगाराच्या स्लिपा पुरल्या, की जुन्या कंपनीचं पत्र लागलं?

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. नोकरीत पीएफ, पेन्शन, आई-बाबांसकट मेडिक्लेम सगळं न मागता मिळत होतं. स्वतंत्र काम करणाऱ्याला स्वतःहून पीएफ भरता येत नाही, आणि आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून अटल पेन्शन या सरकारी योजनेत नव्याने जाणंही बंद. बाबा ७२ वर्षांचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांसाठी सरकारी आरोग्य विमा) काढलं. आईला सत्तर पूर्ण नाहीत, म्हणून नोकरीतून निघण्याआधीच तिला ऑफिसच्या मेडिक्लेममधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वळवून घेतलं. हप्ता चांगलाच वाढला, पण जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागणार नाही. नोकरी सोडायच्या बेतात असलेल्यांनी हे आधी बघा, राजीनाम्यानंतर नको.

माझ्या पेन्शनचं मात्र ठरत नाहीये. ईपीएसमध्ये (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत) सात वर्षं झाली. ५८ नंतर महिन्याची पेन्शन मिळायला दहा लागतात. फॉर्म १०सी भरून पैसे काढून घ्यावेत, की झालेल्या वर्षांची नोंद टिकवणारं स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवावं? पुन्हा पीएफवाल्या नोकरीत गेले तर ही वर्षं धरली जातील. पण सध्या तरी परत जायचा विचार नाही. तुमच्यापैकी कोणी सर्टिफिकेट घेऊन नंतर खरंच वापरलंय का?

आणि पुढची बचत एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) करावी की पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी)? कामाचे पैसे कधी वेळेवर येतात, कधी दोन-दोन महिने अडकतात, त्यामुळे दरमहा ठरावीक रक्कम टाकणं जमणार नाही. नव्या करप्रणालीत दोन्हींवर वजावट नाही, तेव्हा तो मुद्दा सोडून सांगा. माझं वय ३१.