बीएस्सीनंतर राज्यशास्त्रात एमए, नागपुरात: जमेल काय?

उमरेडची_लेक

यंदा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली. पण जीव रमला तो विधानसभेच्या बातम्यांत, म्हणून आता राज्यशास्त्रात एमए करायचं मनात आहे. बाबा म्हणतात, "पेपर वाचून येते तो विषय, त्याच्यासाठी नागपुरात खोली काहून पाहिजे?" आईचं आपलं बीएड, बीएड.

बीए नसताना जड जाईल का? मराठीतून लिहिलं तर पुढे अडते का? राज्यसत्तेवर लिहिणारा इंग्रज विचारवंत हॉब्ज उघडून पाहिला, दोन पानांत झोप लागली. सीताबर्डीवर गाईडांचे गठ्ठे पाहून आली, कोणतं घ्यावं तेही समजून नाही राहिलं. आणि खरं खरं सांगा, याच्यावर नोकरी लागते का?

झिरोमाईल_भाऊ

उपयोग एकच, यूपीएससी. वैकल्पिक विषयाचे २५० मार्कांचे दोन पेपर, एमएचा अभ्यास तिथंच कामी येतो. ॲडमिशन नावापुरती घे अन् क्लास लाव. विषय संपला.

तासिकावाली_मॅडम

भाऊ, नावापुरती ॲडमिशन घेतलेली पोरं माझ्या हजेरीपटावरच भेटतात, वर्गात नाही.

पोरी, प्रवेशाची अट अमरावती रोडला विभागात जाऊनच विचार, इथल्या कुणाच्या भरवशावर राहू नको. सायन्सवाल्यांना विषय जड जात नाही, लिहिणं जड जातं. चार पानं सलग मांडणी करायची म्हटली की तुम्ही लोक मुद्दे टाकून मोकळे होता. ती सवय आतापासून मोड.

हॉब्ज मधूनच उघडला की झोप येणारच. १६४९ मध्ये इंग्लंडात राजाचं मुंडकं उडवलं, देश यादवीत होरपळलेला, आणि १६५१ मध्ये याचं 'लेव्हायथन' आलं. आधी ते युद्ध वाच. एवढी सत्ता एकाच्या हाती द्यायला हा माणूस का तयार झाला, ते मग आपोआप उलगडतं.

आणि नागपुरात राहून हा विषय नुसता गाईडातून शिकलीस तर मला राग येईल. १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं. राज्यांची फेररचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण आपण गेलो मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्यात. तुला आवडणारं हिवाळी अधिवेशन इथं भरतं ते विदर्भाला मराठी राज्यात घेताना नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारामुळे. तो मुळातून वाच.

मग राज्यातला कोणता भाग किती मागे, हे मोजणाऱ्या दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल घे. जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जेवढा मागे, तेवढा त्याचा अनुशेष. बेरीज ३,१८७ कोटींच्या घरात गेली. आता केमिस्ट्रीवालीच्या नजरेनं बघ: सरासरी काढताना मागासलेले जिल्हेही त्यात धरलेले आहेत. म्हणजे ते जितके मागे, तितकी सरासरी खाली, आणि तितकाच त्यांचा अनुशेषही कमी दिसणार! मोजपट्टी कुणी आणि कशी ठरवायची, ही भानगड नुसती हिशेबाची नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सचा न्यायाचा सिद्धांत (१९७१) तळातल्या माणसापासून विचार करायला लावतो, तो इथं लावून बघ. मागे पडलेल्या भागांच्या विकास मंडळांसाठीचं राज्यघटनेतलं कलम ३७१(२) आणि ३० एप्रिल २०२० ला संपलेली त्यांची मुदत, हे वर्गात काढलं की माझा अख्खा तास भांडणात जातो. मला तेच तास आवडतात.

मराठीतून बिनधास्त लिही. फक्त नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, पेपर इंग्रजी-हिंदीतच असतो, यूपीएससी मुख्य परीक्षेत उत्तरं मराठीत चालतात पण प्रश्न त्याच दोन भाषांत. वाचन इंग्रजीतूनही ठेव.

नोकरीचं मात्र गोड बोलणार नाही. नेट झालेली मी तासिका तत्त्वावरच आहे. तास घेतला तर पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि बिल कधी निघेल ते देव जाणे. प्राध्यापक व्हायचं म्हणून येत असशील तर घरी हे आधी सांग.

उमरेडची_लेक

सरासरीचं गणित कागदावर मांडून पाहिलं मॅडम, खरंच तसं होते. मग सरासरीऐवजी सगळ्यात पुढच्या जिल्ह्याशी तुलना केली असती तर?

झिरोमाईल_भाऊ

तर मुंबईशी तुलना झाली असती अन् आकडा पाहून सरकारनं फाईलच बंद केली असती.

तासिकावाली_मॅडम

भाऊ, शेवटी वर्गात आलात! पण जिल्हाच का धरायचा? एकाच जिल्ह्यातला एक तालुका भरलेला आणि शेजारचा कोरडा असतो, तो जिल्ह्याच्या आकड्यात लपून जातो. पोरी, याच असमतोलावरचा केळकर समितीचा २०१३ चा अहवालही मिळव आणि दोन्ही समित्यांच्या पद्धती शेजारी ठेवून वाच. गाईड सध्या घेऊ नको, पैसे झेरॉक्सला लागतील.