डिजिटलवर काढलेलं ब्लॅक अँड व्हाइट ढोंग कसं काय?

खानापूरवाला: काल खडेबाजारनी लिहिलंय, "रंगीत काढायचं, मग रंग उडवायचे आणि कृष्णधवल म्हणून मिरवायचं, हे निव्वळ ढोंग." डोकंच सटकलं.

फिल्मवाले काय नुसतं बटण दाबत होते? राजहंसगडावरचं आकाश काळंभोर यावं म्हणून लेन्सवर लाल फिल्टर चढवायचे. डार्करूममध्ये हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवायचे. ती कला, आणि आम्ही संगणकावर स्लायडर सरकवला की ढोंग?

कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर चार पिक्सेलमागे रंगाचे फिल्टर असतात: दोन हिरवे, एक लाल, एक निळा. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, ते सगळं शाबूत असतं, म्हणून कुठला रंग किती करडा ते आपण ठरवतो. आमच्या आजीचा फोटो घ्या. लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लालचा वाटा, वाढवला की कपाळावरचं कुंकूच गायब, आजोबा शेजारी धडधाकट बसलेले असताना! निळा-हिरवा वाढवला की कुंकू ठसठशीत, पण सुरकुत्याही दुप्पट. म्हातारी फोटो बघून माझ्यावरच उखडली. हे सगळं जमवायला डोकं लागतं की.

खडेबाजार: लागतं, पण कधी? घरी चहा पीत. आम्हाला ३६ फोटोंचा रोल असायचा, फिल्टर लावायचा की नाही ते जागेवरच ठरवायला लागायचं. ट्राय-एक्स ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म कॅमेऱ्यात घालून बाहेर पडलो की दिवसभर उजेड-सावलीच दिसायची. तुम्ही आधी काढता, मग 'हा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बरा दिसेल काय' म्हणून बघता. बहुतेक वेळा रंग फसलेला असतो, म्हणून.

निपाणीची सून: रोलचं कौतुक पुरे. आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह स्टुडिओवाल्यानं 'सांभाळून ठेवतो' म्हणून ठेवून घेतल्या. दहा वर्षांनी विचारलं तर दुकान रंगवताना टाकून दिल्या म्हणे. डिजिटल असतं तर चार जणांकडे कॉपी असती.

खडेबाजार: वहिनी, त्याचा इथं काय संबंध?

निपाणीची सून: अल्बमला वाळवी लागली की कळेल संबंध.

कडोलीचा पोरगा: ते राहू दे. गेल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो एकानं ब्लॅक अँड व्हाइट करून टाकलेत. भगवा कुठं गेला? बेळगावात राहून भगवा करडा करायचा? मुद्दाम करालेत हे.

खानापूरवाला: मुद्दाम काय रे! रात्रीची मिरवणूक, चित्ररथांवर हिरवे-जांभळे एलईडी, वर रस्त्याचे पिवळे दिवे. चेहऱ्यांचे रंग बघवत नाहीत. कमी उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, चढवला की रंगीत दाणे येतात, रंग काढले की त्यातले बरेचसे खुपायचे थांबतात.

खडेबाजार: बघा! रंग फसला म्हणून. मी काय म्हणत होतो?

कडोलीचा पोरगा: भगवा फसत नसतो.

वडगावचा: अरे, लाल चॅनेल वाढव, भगवा पांढराशुभ्र येतो. पण मग कन्नड लाल-पिवळ्या झेंड्याचे दोन्ही पट्टेही जवळजवळ एकच होतात, दोन्ही झेंडे सारखेच पांढरे. निळ्यात दोन्ही काळे. सीमाप्रश्न सुटला!

कडोलीचा पोरगा: तुला थट्टा सुचतीया. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला आमचे वडील काळा झेंडा घेऊन फेरीत चालायचे. तेव्हा घरात बसलेल्यांनी आम्हाला रंग शिकवू नयेत.

वडगावचा: मीही होतो त्या फेरीत, घरात कोण बसलं ते तू सांगू नकोस. काळा झेंडा तरी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चालेल ना?

निपाणीची सून: भांडणं नकोत, बाळांनो. मिरवणुकीचा रंगीतच बरा, आजीचा ब्लॅक अँड व्हाइट.

खानापूरवाला: मुद्द्यावर या. कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवायचा, फाइल रॉ. स्क्रीनवर जागेवरच करडं दिसतं, रंग मात्र फाइलमध्ये राहतात. मग 'आधी ठरवणं' आलं की नाही? नुसत्या जेपेगवर ठेवलं तर मात्र रंग कायमचे गेले, वर दर चॅनेलला उजेडाच्या २५६च पायऱ्या. १४ बिट रॉमध्ये १६,३८४.

खडेबाजार: आकडे सांगून फोटो चांगला होत नाही. आणि खरंच करडंच बघायचं असेल तर २०१२ ला लायका कंपनीनं रंगाचे फिल्टरच नसलेला सेन्सर घालून एम मोनोक्रोम कॅमेरा काढला, तो घ्या. त्यात नंतर रंग आठवायची सोयच नाही.

खानापूरवाला: घेतो की, तुम्ही पैसे द्या.

खडेबाजार: बरं, 'ढोंग' मागे घेतो. जे स्क्रीन करडी ठेवून काढतात त्यांच्यापुरतं. या धाग्यावर तसा एक तरी आहे काय ते मात्र सांगा.

कडोलीचा पोरगा: आणि मिरवणुकीचे रंगीत कोण टाकणार?