रक्ताच्या तपासणीत तोंडाचा कॅन्सर कळतो का?

बाबा लालबागचे, चाळीस वर्षं चुना-तंबाखू. मार्चमध्ये परळला टाटात जिभेच्या कडेची गाठ काढली, मग रेडिएशन झालं. परवा बीपीच्या गोळ्यांसाठी रक्त द्यायला गेले, तर लॅबवाल्याने ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’ गळ्यात मारलं. त्यातला एससीसी अँटिजेन (काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) किंचित वाढलेला आलाय. आई दोन रात्री झोपली नाहीये.

उत्तर १ : ताई, आधी आईंना झोपू द्या. एससीसी सोरायसिसमध्ये, किडनी अधू असली तरीही वाढतो. बाबांना यातलं काही आहे? तोंडाच्या कॅन्सरचं निदान बायोप्सीवरच होतं. फॉलोअपला डॉक्टर तोंडात बोट घालून, मान चाचपून बघतात ना, ते चुकवू नका.

उत्तर २ : रक्तातला ईबीव्ही या विषाणूचा डीएनए खरा उपयोगी पडतो तो नाकामागच्या घशाच्या कॅन्सरमध्ये. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिलच्या कॅन्सरमध्ये तसाच एचपीव्ही डीएनए. तंबाखूमुळे झालेल्या जिभेच्या कॅन्सरमध्ये बहुधा विषाणूच नसतो, मग शोधणार काय? त्यापेक्षा मानेला रेडिएशन झालंय तर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) सहा-बारा महिन्यांनी करत जा. आमच्या ह्यांना भर मे महिन्यात थंडी वाजायची, आम्ही एसीला शिव्या घालत होतो. थायरॉईड मंदावलं होतं.

प्रश्नकर्ती : अहो, बाबांच्या दोन्ही कोपरांना सोरायसिस आहे! गुरुवारी ओपीडीला रिपोर्ट फाइलमध्ये लावून नेते, टीएसएचचंही विचारते.