मदत हवी आहे: (पिना पाडायच्या) बोलिंगच्या बॉलवर नाव एकाचं, पण बनवतं कोण?

तिरकी_फेक
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. बॉलवर नावं पंधरा-वीस दिसतात, पण कारखाने तीन-चारच आहेत असं ऐकलं. कोणता ब्रँड कोणत्या कारखान्यातून येतो, एवढी यादी कुणी देईल का? तिसरा बॉल घ्यायचा आहे आणि तो आधीच्या दोन्हींच्या कारखान्यातला नको. ते मुद्दाम दोन वेगळ्या ब्रँडचे घेतले होते, पण लेनवर जुळे भाऊ निघाले. रविवारच्या आत ठरवायचं आहे, तेव्हा लवकर सांगा.

सातवी_पिन
आधीचे दोन कोणते ते तर लिहा.

तिरकी_फेक
एक हॅमर, एक रॅडिकल. दोन्ही १५ पौंडी.

जुनी_लेन
मग दोन्ही एकाच घरचे. रॅडिकलचे बॉल ब्रन्सविक पहिल्यापासून बनवत होतं. हॅमर होतं एबोनाइटकडे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रन्सविकने एबोनाइटचा बॉलचा धंदाच घेतला. एबोनाइट, हॅमर, ट्रॅक आणि कोलंबिया ३०० असे चारही ब्रँड एका झटक्यात तिकडे गेले. केंटकीतल्या हॉपकिन्सव्हिलचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन मेक्सिकोत रेनोसाला गेलं. ब्रन्सविकचं स्वतःचं उत्पादनही मिशिगनमधल्या मस्कीगॉनहून आधीच तिथे हललेलं होतं. डीव्ही८ हाही त्यांचाच. म्हणजे सात नावं आणि मालक एक.

दुसरं मोठं घर स्टॉर्म. यूटामधलं ब्रिगहॅम सिटी. १९९७ पासून रोटो ग्रिप त्यांच्याकडे आहे, २०२० मध्ये ९०० ग्लोबलही आलं. तिसरं मोटिव्ह, मिशिगनमधल्या स्प्रिंग लेकचं. स्वतःचा कारखाना आणि स्वतःचा एकच ब्रँड.

बाकी छोटी नावं बरीच आहेत. त्यांतले पुष्कळ जण स्वतः बॉल ओतत नाहीत, कोअरचं, म्हणजे आतल्या गाभ्याचं, डिझाइन देतात आणि मोठ्या कारखान्याकडून करून घेतात.

तिरकी_फेक
जुनी_लेन, मनापासून आभार, हेच हवं होतं. म्हणजे आता स्टॉर्म किंवा मोटिव्ह. विषय संपला.

अंगठा_ढिला
विषय संपला कसा? कारखाना बदलला म्हणून बॉल वेगळा वळेल हे कुणी सांगितलं? मी पंधरा वर्षं बॉल ड्रिल करतोय, म्हणजे बोटांची छिद्रं पाडतोय. एकाच कारखान्यातून एक बॉल लेनच्या मध्यातच वळायला लागतो आणि दुसरा शेवटच्या १५ फुटांपर्यंत सरळ जातो. दोन वेगळ्या कारखान्यांतले बॉल डोळे मिटून ओळखता येणार नाहीत इतके सारखेही असतात. तुमच्या दोन्ही बॉलचा पृष्ठभाग किती ग्रिटचा आहे (आकडा जितका लहान तितका खरखरीत)? लेआउट, म्हणजे छिद्रांची मांडणी, काय आहे? किती गेम झालेत?

सातवी_पिन
अंगठा_ढिला, पण कारखान्याचा काहीच संबंध नाही हेही पटत नाही. एचके२२ हे नाव आता हॅमर, रॅडिकल, एबोनाइट, ट्रॅक, डीव्ही८ अशा सगळ्यांच्या बॉलवर दिसतं. कव्हरचं, म्हणजे बाहेरच्या थराचं, मूळ रसायन एकच असेल तर साम्य येणारच. पूर्वी हॅमर हॉपकिन्सव्हिलला आणि ब्रन्सविक रेनोसाला बनत होतं, तेव्हा हातात घेतल्यावरच फरक कळायचा.

अंगठा_ढिला
एचके२२ हा पाया आहे. त्यात मिसळली जाणारी द्रव्यं वेगळी, आतला कोअर वेगळा, कारखान्यातून येताना पॉलिश केलाय की सँडिंग केलंय तेही वेगळं. मी बॉल हातात घेतल्यावर आधी पृष्ठभाग बघतो, मग कोअर, आणि नाव सगळ्यात शेवटी. कुणी हसलं तर हसू दे. धागाकर्त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

गटरबॉल_नको
मी एक सुचवते. तिसरा बॉल प्लॅस्टिकचा घ्या. पॉलिएस्टरच्या कव्हरला लेनवर लावलेलं तेल असो नसो, फारसा फरक पडत नाही, सरळ जातो. दहाव्या पिनसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. मी वर्षभर स्पेअरसाठीही (पहिल्या फेकीत उरलेल्या पिन पाडायला) वळणारा बॉल वापरत होते आणि कोपऱ्यातली पिन सतत चुकायची. प्लॅस्टिक घेतल्यापासून ती भीतीच गेली.

तिरकी_फेक
ताई, स्पेअरचा बॉल आहे माझ्याकडे. प्रश्न तो नाही.

अंगठा_ढिला, लेआउट वगैरे मला कळत नाही. एकाच माणसाने एकाच दिवशी दोन्ही ड्रिल करून दिले. गेम साधारण ऐंशी-ऐंशी झाले असतील. मध्यंतरी दोन्ही मशीनवर घासूनही घेतले. त्याने काय होतंय?

अंगठा_ढिला
त्यानेच सगळं होतंय. घासताना शेवटचा पॅड कोणता लावला?

तिरकी_फेक
दोन्हींना २०००. तो म्हणाला, सगळ्यांना तोच लावतो.

अंगठा_ढिला
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. आता एवढं करा. दोन्ही बॉल एकेकदा टाका आणि परत आल्यावर न पुसता दिव्याखाली धरा. अंगावर तेलाची बारीक कडी दिसतील. दोन ठिकाणी ती एकमेकांत मिसळतात आणि तिथून पंख्यासारखी उघडतात. सगळ्यात रुंद जागी ती किती आहेत आणि पहिल्या कड्यापासून शेवटच्यापर्यंत किती बोटं अंतर आहे ते मोजा. तेच दोन्ही बॉलवर. आणि पिन, म्हणजे तो रंगीत ठिपका, बोटांच्या छिद्रांच्या वर आहे की खाली तेही बघा.

मागचा_पाय
एबोनाइटचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे वडिलांचा जुना कोलंबिया ३०० आहे. तो कुठला असेल? सॅन अँटोनियोचा असं ते सांगायचे.

जुनी_लेन
२००७ च्या आधीचा असेल तर वडिलांचं बरोबर आहे. कोलंबिया टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोलाच होतं. २००७ मध्ये एबोनाइटने कोलंबिया आणि ट्रॅक दोन्ही घेतले आणि काम हॉपकिन्सव्हिलला नेलं. २०१९ नंतर रेनोसा. म्हणजे एकाच नावाचे बॉल तीन गावांत बनलेत. म्हणून कुणी नुसतं ब्रँडचं नाव घेऊन "तो दणकट असतो" म्हणालं की मी आधी विचारतो, कोणत्या सालचा?

सातवी_पिन
आणि साल फक्त हौशीपुरतं नाही. पर्पल हॅमरचं आठवत असेल. २०२२ मध्ये यूएसबीसीने (अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेने) २०१६ आणि २०१७ मध्ये बनलेल्या पर्पल हॅमरना राष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर ठेवलं, कारण कव्हर नियमापेक्षा मऊ भरलं. नाव, रंग, कोअर सगळं तेच, पण त्या दोन वर्षांतला असेल तर चालत नाही. जुना बॉल घेताना सीरियल नंबर वाचा, ब्रँडच्या गोष्टी नंतर.

गटरबॉल_नको
त्याच वर्षी स्टॉर्म आणि रोटो ग्रिपच्याही काही बॉलबाबत कडकपणाचाच निर्णय आला होता. मोटिव्हच्या जॅकलचं २०१६ मध्ये झालं होतं, ते मात्र डिफरन्शियल (कोअरमुळे बॉल किती वळू शकतो याचं माप) मर्यादेपेक्षा जास्त भरल्यामुळे. तेव्हा कुठल्याच एका कारखान्याला वेगळं काढता येणार नाही.

मागचा_पाय
माझा रबराचा तर नसेल ना? खूप जड आणि काळा आहे.

जुनी_लेन
रबराचे बॉल फार जुने. १९०५ च्या सुमारास ते आले, त्याआधी लिग्नम व्हायटी नावाच्या टणक लाकडाचे असायचे. तुमचा बहुतेक पॉलिएस्टरचा असणार, कारण कोलंबियाने नाव कमावलं ते त्यावरच. रंगावरून काही कळत नाही. नंबर बघा.

तिरकी_फेक
मंडळी, माझ्या धाग्यावर जुन्या बॉलचा इतिहास नको, प्लीज.

कडी मोजली. हॅमरवर सहा, रॅडिकलवर सहा. अंतर दोन्हींवर तीन बोटांपेक्षा थोडं जास्त. ठिपका दोन्हींत मधल्या बोटाच्या किंचित वर, जवळजवळ त्याच जागी. शेजारी शेजारी धरल्यावर रंग सोडला तर कोणता कुठला ते सांगता येईना.

अंगठा_ढिला
झालं तर मग. गेम सारखे, पृष्ठभाग सारखा, लेआउट सारखा, कडी सारखी. दोन्ही कोअर सिमेट्रिक, म्हणजे सममित, असणार. उद्या मोटिव्हचा सिमेट्रिक बॉल आणून त्याच माणसाकडून त्याच मापाने ड्रिल केलात आणि त्यानेही २०००चा पॅड फिरवला, तर तिसरा भाऊ घरी येईल.

आधी काहीही विकत न घेता एक करा. रॅडिकलला १००० लावा, हॅमरला पॉलिश करून घ्या. १००० वाला लवकर पकड घेईल, पॉलिशवाला तेलावरून लांब जाईल आणि उशिरा वळेल. फक्त लीगचा खेळ सुरू व्हायच्या आधी करा, खेळ चालू असताना पृष्ठभाग बदलायला परवानगी नाही.

सातवी_पिन
हे मलाही मान्य. पण तिसरा घ्यायचाच ठरला तर लेआउट तरी बदलून मागा, आणि असिमेट्रिक कोअर घ्या. कारखाना कुठलाही चालेल.

जुनी_लेन
कारखान्याची यादी मी दिली, पण मीही हेच सांगेन. यादीचा उपयोग सुटे प्रश्न सोडवायला होतो: वॉरंटी कुणाकडे मागायची, जुना बॉल कुठला, अमुक ब्रँड बंद पडला की दुसऱ्या नावाने चालू आहे. वळण किती मिळेल ते तिच्यात लिहिलेलं नसतं.

तिरकी_फेक
रविवार संध्याकाळ. सांगायला आलो.

सकाळी पहिल्यांदा दोन्ही बॉल बदललेल्या पृष्ठभागाने टाकले. उभं राहायची जागा तीच, नजर दुसऱ्या बाणावर. रॅडिकल तेल संपायच्या आधीच वाकला आणि पहिल्या पिनच्या डाव्या बाजूला जाऊन आदळला. हॅमर त्याच रेषेवरून गेला, वाटलं गटरमध्येच जातो, आणि शेवटी वळून पॉकेटच्या, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधल्या जागेच्या, जरा उजवीकडे लागला. खिळल्यासारखा उभा राहिलो. ऐंशी गेम दोन्हींवर खेळलो आणि हा फरक पहिल्यांदा दिसला. दोन्हींमधल्या लेनच्या फळ्या मोजल्या तर सहा-सात निघाल्या.

अंगठा_ढिला, तुमचं आधी न ऐकल्याबद्दल माफ करा. तिसरा बॉल महिनाभर थांबेल. एकच विचारायचं राहिलं: पॉलिश किती गेम टिकतं?

अंगठा_ढिला
लेनवर तेल किती आहे? आणि प्रत्येक फेकीनंतर बॉल पुसता का?