नान्नजचा माळ आणि स्पितीचा डोंगर, दोन्हीला एकच दुर्बीण: ८× घेऊ का १०×?

माळावरचा_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहतो, रविवार आला की पक्षी-प्राणी बघायला नान्नजचं अभयारण्य नाहीतर हिप्परगा तलाव हे चार वर्षं चालूय. आता फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीत किब्बरला हिमबिबट्या बघायला जायचं ठरलंय, गाव ४२०० मीटरच्या आसपास, त्यामुळं ओझं जितकं कमी तितकं बरं. माझ्याकडं सध्या १०×२५ ची (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची काच २५ मिमीची) छोटी दुर्बीण आहे, दुपारी चालते पण दिवस मावळायला लागला की बसलेलं काळवीट आणि बाभळीचं खुंट यातला फरक कळंना होतो. आमच्या आजोबांच्या काळात माळावर शिकार चालायची, १९७२ च्या कायद्यानं ती बंद झाली आणि फार बरं झालं, पण डोंगरात जनावर हुडकायची विद्या शिकाऱ्यांकडंच जास्त असणार म्हणून परदेशातले डोंगरातले शिकारी काय वापरतात ते आठवडाभर वाचालोय. कोण १०×४२ म्हणतंय, कोण १२×५०, कोण थेट १५×५६. डोकं गरगरलं. चष्मा आहे, वय ४६, परत परत घ्यायची ऐपत नाही, एकदाच घेणार. काय घेऊ?

खोकड_नान्नज
मालक, आधी १५×५६ डोक्यातून काढा. ती माणसं ती हातात धरून बघत नाहीत, ट्रायपॉडवर लावून एका जागी तास तास बसतात, आणि गळ्यात दुसरी १०×४२ असते. १५×५६ चं वजन किलोच्या वर जातं. हातात धरली तर जनावर जेवढं मोठं दिसतं तेवढीच हाताची थरथर पण मोठी होते, शेवटी ८× मध्ये जो शिंगाचा पीळ दिसला असता तो १५× मध्ये नुसता हलताना दिसतो.

तुमच्या १०×२५ चा प्रॉब्लेम मॅग्निफिकेशनचा नाहीच, उजेडाचा आहे. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याच्या काचेकडं बघा, उजेडाचा एक गोल ठिपका दिसेल. पुढच्या काचेचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन म्हणजे तो ठिपका. तुमच्यात २५ भागिले १० म्हणजे २.५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२, ८×४२ मध्ये ५.२५. भर उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिमीची असते म्हणून दुपारी काही कमी वाटत नाही, अंधारून आलं की बाहुली मोठी होते आणि छोटी दुर्बीण उघडी पडते. आणि खोकड, लांडगा नेमके त्याच वेळेला बाहेर पडतात.

माझं मत ८×४२. आपल्या माळावर मार्चपासून दहा वाजल्यानंतर जमीन तापून हवा अशी लहरायला लागते की जास्त मॅग्निफिकेशन घेतलं तर ती लहरच मोठी दिसते, पक्षी नाही. शिवाय धाविक पक्षी पळत सुटला किंवा भोवत्या हा शिकारी पक्षी गवताला घासून गेला की रुंद दिसणं कामाला येतं. १००० मीटरवर ८×४२ मधून साधारण १३०-१४० मीटरचा पट्टा दिसतो, १०× मधून ११० च्या आसपास.

घाटवाट_बार्शी
खोकडभाऊंचं माळापुरतं शंभर टक्के बरोबर, पण डोंगराचं वेगळं आहे. मी किब्बरला जाऊन आलोय. तिथं समोरचा उतार एक किलोमीटर, कधी त्याच्याही पुढं असतो आणि जनावर दगडाच्याच रंगाचं. १ किलोमीटरवरचं जनावर ८× मधून १२५ मीटरवर असल्यागत दिसतं, १०× मधून १०० मीटरवर. हा २५ मीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो पण दगडाच्या कडेला शेपूट लोंबतंय का सावली आहे हे ठरवताना तोच उपयोगी पडतो. तिथं चालत चालत बघायचं नसतंच, बसायचं, कोपरं गुडघ्यावर टेकवायची, उतार डावीकडून उजवीकडं एकेक पट्टा करत तपासायचा, आणि भरल (तिथली रानमेंढरं, हिमबिबट्याचं भक्ष्य) दिसले की त्यांच्यावर डोळा ठेवायचा. सगळे भरल चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून उभे राहिले तर तिकडं बघा. गावातल्या गाईडकडं मोठा स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवरची एका डोळ्यानं बघायची दुर्बीण) असतो, हुडकल्यावर नीट बघायला तो आहेच. म्हणून हातात १०×४२, १२×५० नको, आठ दिवस गळ्यात किलोभर वजन आणि तिथली विरळ हवा, मान धरते.

अजून एक, घ्याल ती आत नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ घ्या. बाहेरच्या थंडीतून चुलीजवळच्या खोलीत आलं की साध्या दुर्बिणीच्या आतून वाफ धरते आणि ती पुसता येत नाही.

चष्मेवाली_हिप्परगा
दादा, चष्म्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. आय रिलीफ बघा, म्हणजे डोळा काचेपासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १६ मिमीच्या खाली असेल तर चष्मा लावून कडेचं अर्धं दिसतच नाही, नुसती काळी कड. मी न बघता घेतली आणि पट्टकादंबांचा थवा तळ्यावर उतरत असताना चष्मा काढ, परत लाव यातच सकाळ गेली, एवढं वाईट वाटलं. झूमवाली तर अजिबात घेऊ नका. आणि घेण्याआधी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका, ओळखीच्यांच्या दोन दुर्बिणी मागून सिद्धेश्वर तलावाच्या काठाला दिवस मावळताना उभं राहा आणि भुईकोटाचा बुरूज बघा. दगडांमधल्या भेगा कुठल्या दुर्बिणीतून जास्त वेळ दिसतात ते तुमचेच डोळे सांगतील.

माळावरचा_सोलापूर
ताई, तुमचं ऐकून काल तलावावर गेलो होतो. ऑफिसातल्या एकाची ८×४२ आणि शेजाऱ्यांची १०×४२ नेली. उभं राहून ८× एकदम शांत, १०× थोडी हलत होती. पण कठड्यावर कोपर टेकवलं आणि १०× थांबली, बुरुजावर घारीनं मान फिरवलेली कळली मला, तसं आजपर्यंत बघितलं नव्हतं. अंधार पडताना मात्र ८× पाच-सात मिनिटं जास्त पुरली. रात्री झोप नाही, शेवटी १०×४२ च ठरवली, १७ मिमी आय रिलीफवाली, कारण स्पितीला परत परत जाणं होणार नाही आणि माळावर मी गाडीच्या खिडकीला टेकूनच बघतो. दोन काचांच्या मधे पुढं एक टोपण आहे, ते काढून ट्रायपॉड ॲडॉप्टर बसतो म्हणे. सोलापुरात मिळतो का कुठं?

खोकड_नान्नज
१०× घेतलीत ते तुमच्या कारणांनी पटलं. ॲडॉप्टर बाहेरून मागवावा लागतो, पण माझ्याकडं एक पडून आहे, मी ८× वर लावतच नाही. रविवारी सहा वाजता नान्नजच्या फाट्यावर या, तिथंच बसवून बघू. येताना चष्मा उतरवून नाही, लावूनच उजव्या डोळ्याची रिंग सेट करा: आधी उजवी काच झाकून डाव्या डोळ्यानं मधल्या चाकानं फोकस, मग डावी झाकून उजवीकडची रिंग. निम्मे लोक हे करतच नाहीत आणि दुर्बीण खराब म्हणून विकून टाकतात.