पाचट थेट टाकीत नको

गोबरगॅसच्या टाकीत दोन म्हशींच्या शेणात उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, मिसळलं तर गॅस वाढेल का, असं दौंडच्या ज्या दादांनी विचारलंय त्यांना सांगतो. वाढेल, पण पाचट आहे तसं ढकललंत तर त्रासच जास्त. त्यातलं लिग्निन, म्हणजे पानाला कडकपणा देणारा घटक, हवेविना जगणाऱ्या जिवाणूंना फोडता येत नाही, आणि ज्यापासून गॅस व्हायचा ते सेल्युलोज त्यातच अडकून बसतं. शिवाय ते हलकं. वर तरंगून जाड थर धरतं, मग गॅस खालीच कोंडतो आणि शेण आत सोडायचा पाइप तुंबतो.

दुसरं म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं गणित. शेणात ते साधारण २५ ला १, पाचटात १०० च्या आसपास, म्हणजे जिवाणूंना नायट्रोजन कमी पडतो. म्हणून घालायचंच तर कुट्टी बारीक करा, टाकीतून निघालेल्या स्लरीत काही दिवस भिजवा, गोमूत्र घाला, आणि प्रमाण हळूहळू वाढवा.

माझं विचाराल तर पाचट खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून फुटणाऱ्या उसात) आच्छादन म्हणूनच बरं. गॅससाठी शिळी भाकरी, नासकी फळं, पेंड पाहा. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने डॉ. आनंद कर्वेंच्या मार्गदर्शनाखाली अशाच पिष्टमय खरकट्यावर चालणारा छोटा प्लँट केला, त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मात्र हेही एकदम ओतू नका. टाकी आंबते, आंबूस वास येतो, शेगडी पेटत नाही. तसं झालं तर चार-पाच दिवस काही घालू नका, नंतर फक्त शेणकाला (शेण-पाण्याचं मिश्रण).

दोन म्हशींच्या शेणावर दिवसाला साधारण एक घनमीटर गॅस धरा. दोन घनमीटरचा प्लँट उपाशी राहील.